यादीबाहेरचे प्रवासी

दुसऱ्या महायुद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकाचा माग काढायचा, तर सुरुवात कुठून करायची हे निदान ठाऊक असतं. त्याला क्रमांक असतो, पलटण असते, पलटणीची रोजनिशी असते. पुण्यात खडकीच्या वॉर सिमेट्रीत गेलेल्यांनी ही शिस्त पाहिली असेल: शिळेवर नाव, हुद्दा, पलटण, तारीख. पण त्याच युद्धात काही माणसं साध्या कपड्यांत, हातात बॅग घेऊन नागरी विमानात बसली आणि पोहोचलीच नाहीत. त्यांना ना क्रमांक, ना पलटण. अशा माणसांचा शोध कसा घेतात आणि त्यात कुठे पाय घसरतो, याची ही माहिती.

कुरिअर विमान कशाला म्हणायचं

लढाई चालू असली तरी पत्रव्यवहार थांबत नाही. वकिलातींचे सीलबंद थैले, गुप्त संकेतांची पुस्तकं, यंत्रांचे सुटे भाग, बँकेची कागदपत्रं आणि ती घेऊन जाणारी माणसं तटस्थ देशांमधून ये-जा करत राहिली. लष्करी विमान तटस्थ देशात उतरलं की आंतरराष्ट्रीय संकेतानुसार ते अडकवून ठेवायचं आणि वैमानिकांना स्थानबद्ध करायचं, अशी रीत होती. त्यामुळे हे काम नागरी कंपन्यांकडे आलं. विमानाला नागरी नोंदणी, वैमानिकाच्या अंगावर कंपनीचा गणवेश, कागदोपत्री सगळी सामान्य प्रवासी सेवा. आत मात्र युद्धाचं सामान.

हा दुहेरी स्वभावच पुढे संशोधकाला छळतो. लष्कराच्या दफ्तरात ही उड्डाणं नीट नोंदलेली नाहीत, कारण ती लष्कराची नव्हती. कंपनीने त्यांबद्दल उघड बोलायचं टाळलं, कारण ती निव्वळ कंपनीचीही नव्हती.

लिस्बन आणि स्टॉकहोम

पश्चिम आणि उत्तर युरोपात असे दोन दरवाजे उघडे होते. पहिला पोर्तुगालमध्ये. मे १९४० मध्ये जर्मनीने हॉलंड घेतलं, तेव्हा केएलएमची काही विमानं वैमानिकांसह ब्रिटनमध्ये निसटली. ब्रिटिश ओव्हरसीज एअरवेज कॉर्पोरेशन, म्हणजे बीओएसी, या कंपनीने ती भाड्याने घेतली आणि ब्रिस्टलजवळच्या व्हिटचर्चहून लिस्बनला सेवा सुरू ठेवली. विमान ब्रिटिश नोंदणीचं, चालवणारे डच. लिस्बनच्या विमानतळावर त्यांच्या शेजारीच जर्मन लुफ्तहान्साची विमानं उभी असत. कोण चढलं, कोण उतरलं, हे दोन्ही बाजूंच्या हेरांना कुंपणापलीकडून दिसत होतं.

दुसरा दरवाजा स्वीडनचा. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर ल्यूकर्स, तिथून स्टॉकहोमचं ब्रोम्मा. अंतर जेमतेम १,३०० किलोमीटर, पण वाटेत नॉर्वे आणि डेन्मार्क, दोन्ही जर्मनांच्या ताब्यातले, आणि त्यांच्या मधली स्कागेराकची सामुद्रधुनी. ढग दाट असावेत, रात्र काळी असावी, अशी प्रार्थना करत वैमानिक निघत. उत्तरेतल्या उन्हाळ्यात रात्र पुरती काळी होतच नाही, तेव्हा ही सेवा जिवावर बेतायची.

स्वीडनहून काय आणायचं, तर मुख्यतः बॉल बेअरिंग. गोथेनबर्गच्या एसकेएफ कारखान्यातला माल ब्रिटनच्या विमान आणि रणगाडा कारखान्यांना हवा होता. समुद्रमार्गेही तो आणण्याचे प्रयत्न झाले. जानेवारी १९४१ मध्ये पाच नॉर्वेजियन जहाजं नाकेबंदी फोडून पोहोचली. एप्रिल १९४२ मध्ये दहा निघाली आणि दोनच पोहोचली. त्यानंतर हवाई मार्गाचं महत्त्व वाढलं. बीओएसीबरोबर या मार्गावर नॉर्वेजियन वैमानिकांची लोडस्टार विमानं होती, स्वीडनच्या एबीए कंपनीची डीसी-३ होती, आणि फेब्रुवारी १९४३ पासून मॉस्किटो.

मॉस्किटोच्या पोटातली जागा

मॉस्किटो हे मुळात दोन माणसांचं वेगवान बॉम्बफेकी विमान, प्लायवूड आणि बाल्सा लाकडाचं. बीओएसीने त्यातली शस्त्रं काढून टाकली, नागरी नोंदणी घेतली आणि बॉम्ब ठेवायच्या कप्प्यात प्रवासी ठेवले. बसवले म्हणायची सोय नाही, कारण कप्प्यात बसताच येत नसे. आतून नमदा लावलेला, खाली गादी, त्यावर माणूस आडवा. अंगात उड्डाणाचा जाड पोशाख, त्यावर पॅराशूट आणि तरंगण्याचं जाकीट, तोंडाला प्राणवायूचा मुखवटा, वाचायला छोटा दिवा, थर्मासमध्ये कॉफी. वैमानिकाशी बोलायला कानाला लावलेला फोन. प्रवास साधारण तीन तासांचा. मालाच्या फेरीत त्याच कप्प्यात बॉल बेअरिंगच्या पेट्या. स्वीडनला जाताना ब्रिटिश वर्तमानपत्रांचे गठ्ठे.

ऑक्टोबर १९४३ मध्ये असाच आडवा होऊन एक जवळपास अठ्ठावन्न वर्षांचा प्रवासी स्कॉटलंडला पोहोचला: नील्स बोर. डोकं मोठं, त्यामुळे शिरस्त्राण नीट बसलं नाही, कानाचे फोन कानावर आले नाहीत आणि प्राणवायू सुरू करण्याची वैमानिकाची सूचना त्यांना ऐकूच आली नाही. उंचावर ते बेशुद्ध पडले. उत्तर येत नाही म्हणून वैमानिकाने विमान खाली घेतलं आणि अणुविज्ञानातला हा मोठा माणूस वाचला. बोर वाचले म्हणून हा किस्सा आपल्याला माहीत आहे. त्याच महिन्याच्या अखेरीस एक मॉस्किटो ल्यूकर्सच्या अगदी जवळ येऊन कोसळलं. त्यातले दोन कर्मचारी आणि कप्प्यातला एकटा प्रवासी मरण पावले. त्या प्रवाशाचा किस्सा कुणी सांगत नाही.

ऑगस्ट १९४४ मध्ये या मार्गाने दहा दिवसांत दोन मॉस्किटो गमावली. पहिलं ल्यूकर्सपासून काही मैलांवर समुद्रात पडलं. त्याचा कप्तान गिल्बर्ट रे हा या मार्गावरचा सर्वांत नावाजलेला वैमानिक, आणि त्याच्याबरोबर प्रवासी म्हणून कंपनीचाच दुसरा कप्तान होता. दुसरं गोथेनबर्गहून निघालं आणि आलंच नाही.

कोण बसत असे या विमानांत

युद्धकाळातलं गुप्त उड्डाण म्हटलं की वाचकाच्या डोळ्यांसमोर हेर येतो. हेर असतही. पण उपलब्ध नावं चाळली की वेगळंच चित्र दिसतं. १९४२ च्या वसंतात कवी टी. एस. एलियट व्याख्यानांसाठी स्वीडनला गेले. त्याच वर्षी मे महिन्यात चिचेस्टरचे बिशप जॉर्ज बेल गेले आणि तिथे जर्मन पाद्री डीट्रिख बॉनहोफर यांना भेटले. हिटलरविरोधी गटाचा निरोप त्यांनी लंडनला आणला. बाकी अभियंते, खनिजाचे खरेदीदार, तेल कंपनीचे व्यवस्थापक, वार्ताहर, वकिलातींचे कारकून, त्यांच्या बायका, मुलं. जागा मोजक्या आणि प्राधान्यक्रम सरकारच्या हातात. कोणाचं नाव कधी वर गेलं आणि कधी खाली आलं, हे शेवटच्या तासापर्यंत ठरत नसे.

म्हणून वर्तमानपत्रात आलेली प्रवाशांची यादी आणि प्रत्यक्ष विमानात असलेली माणसं एकच असतील, असं धरून चालणं धोक्याचं. स्वीडिश एबीएची दोन डीसी-३ विमानं १९४३ मध्ये गेली: ऑगस्टात ‘ग्लादान’, ऑक्टोबरात ‘ग्रिपेन’. ग्रिपेन स्वीडनच्या पश्चिम किनाऱ्यावर हॉलो बेटावर कोसळलं. पंधरांपैकी दोघे वाचले. वाचलेल्यांमुळे ग्रिपेनचं काय झालं ते कळलं. ग्लादानच्या बाबतीत जबानी द्यायला कुणी उरलं नव्हतं.

माणूस नंतर, विमान आधी

नवखा संशोधक माणसाच्या नावापासून सुरुवात करतो आणि महिनोन्महिने भिंतीला डोकं आपटतो. ब्रिटनने समुद्रमार्गे येणाऱ्या-जाणाऱ्या प्रवाशांच्या याद्या १९६० पर्यंतच्या जपून ठेवल्या आहेत. लंडनजवळ क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात त्या पाहता येतात. हवाई प्रवाशांच्या तशा याद्या उरलेल्या नाहीत. तेव्हा नावाच्या वाटेने गेलात तर पहिल्याच वळणावर रस्ता संपतो.

शहाणा संशोधक विमानाच्या नोंदणीच्या अक्षरांपासून निघतो. विमान ही मालमत्ता आहे. तिचा विमा असतो, दुरुस्तीची वही असते, ती गेली की नोंदणी रद्द करावी लागते आणि रद्द करण्याला कारण लिहावं लागतं. माणूस बेपत्ता झाल्याचं कुणी लिहिलं नसेल, विमान गेल्याचं कुणीतरी लिहिलेलंच असतं. मेलेल्या माणसापेक्षा मोडलेल्या यंत्राची नोंद जास्त चोख सापडावी हे खटकतं खरं, पण शोधाच्या कामी तेच येतं.

इथेही एक सापळा आहे. विमानं नावं बदलतात. लिस्बन मार्गावरचं ‘आयबिस’ घ्या. डच नोंदणीत ते पीएच-एएलआय होतं, ब्रिटिश नोंदणीत जी-एजीबीबी झालं; बीओएसीच्या वेळापत्रकात सेवेचा क्रमांक ७७७. चार कागदांवर चार ओळखी, विमान एकच. चीनमध्ये तर याहून विलक्षण गोष्ट घडली. २४ ऑगस्ट १९३८ रोजी चायना नॅशनल एव्हिएशन कॉर्पोरेशनचं, म्हणजे सीएनएसीचं, ‘क्वेलिन’ हे डीसी-२ हाँगकाँगहून निघालं आणि जपानी लढाऊ विमानांनी पाडलं. शत्रूच्या विमानांनी पाडलेलं हे जगातलं पहिलं प्रवासी विमान मानतात. नदीतून ते बाहेर काढलं, दुरुस्त केलं, नवा क्रमांक आणि ‘चुंगकिंग’ हे नवं नाव देऊन पुन्हा उडवलं. ऑक्टोबर १९४० मध्ये जपान्यांनी त्यावर पुन्हा हल्ला करून ते नष्ट केलं. कागदावर दोन विमानं, दोन दुर्घटना. प्रत्यक्षात तेच धूड दोनदा. नाव बदलण्यामागे अपशकुनाची भीती होती की प्रवाशांनी तिकिटं काढावीत ही व्यापारी हुशारी, हा प्रश्न मजेशीर आहे.

घड्याळांचा घोळ

युद्धकाळात १९४१ पासून ब्रिटनमध्ये उन्हाळ्यात घड्याळं ग्रीनिचच्या दोन तास पुढे असत. विमानांच्या बिनतारी नोंदी ग्रीनिच वेळेत. जर्मन अहवाल जर्मन वेळेत. रशियन अहवाल मॉस्कोच्या वेळेत. आता एका बाजूचा वैमानिक म्हणतो, अमुक वाजता विमान पाडलं. दुसऱ्या बाजूचा बिनतारी अधिकारी म्हणतो, त्या वेळी ते विमान व्यवस्थित बोलत होतं. दोघेही खरं बोलत असू शकतात. कितीतरी ‘गूढ’ उड्डाणांचं गूढ कागदाच्या समासात एक तास किंवा दोन तास अधिक-उणे करून मिटतं. म्हणून जाणकार कुठलाही निष्कर्ष काढण्याआधी सगळ्या वेळा ग्रीनिचमध्ये उतरवून घेतात. कंटाळवाणं काम आहे, पण याला बगल दिलेली पुस्तकं मी फार गंभीरपणे घेत नाही.

शत्रूच्या कागदांची दुसरी अडचण अशी की जर्मन हवाई दलाचं बरंचसं दफ्तर १९४५ मध्ये त्यांनी स्वतःच जाळलं. उरल्यात पाडलेल्या विमानांच्या दाव्यांच्या काही याद्या, काही तुकड्यांच्या नोंदी आणि वैमानिकांच्या आठवणी. दाव्यात विमानाचा प्रकार हमखास चुकलेला असतो. तेव्हा प्रकारावर विसंबू नये. तारीख, समुद्रातला चौकोन आणि वेळ, या तिन्ही गोष्टी जुळल्या तरच पुढे जावं.

नाव कुठे सापडतं

विमान सापडलं, तारीख पक्की झाली, की मग माणसांकडे वळायचं. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनकडे, खडकीची सिमेट्री ज्यांच्या देखभालीत आहे त्यांच्याकडेच, युद्धात मेलेल्या ब्रिटिश नागरिकांची सूची आहे. सहासष्ट हजारांवर नावं, सात खंड. मूळ प्रत वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेमध्ये. त्यातली मांडणी मुख्यतः मृत्यूच्या स्थळानुसार, म्हणजे कुठल्या शहराच्या, कुठल्या परगण्याच्या हद्दीत. बाँबखाली मेलेल्या लंडनकरासाठी ती सोयीची आहे. बिस्केच्या उपसागरावर सहा-सात हजार फुटांवर मेलेल्या माणसाची हद्द कुठली? आता संगणकावर नावाने शोध घेता येतो, त्यामुळे निम्मी अडचण गेली. इंग्लंडमधल्या रनिमीडच्या स्मारकावर बेपत्ता हवाई सैनिकांची वीस हजारांवर नावं आहेत. तिकीटधारकांना तिथे जागा नाही.

माझ्या मते सर्वांत उपयोगी आणि सर्वांत दुर्लक्षित साधन म्हणजे मृत्युपत्रांची सरकारी सूची. इंग्लंडमध्ये कोणाच्या मालमत्तेचा वारसा ठरला की वर्णानुक्रमे छापलेल्या या वार्षिक सूचीत त्याची नोंद होते: नाव, पत्ता, मृत्यूची तारीख आणि मालमत्तेची व्यवस्था ज्याच्याकडे सोपवली त्याचं नाव. देह सापडलेला नसेल तर तारखेपुढे ‘त्या दिवशी किंवा त्यानंतर’ अशा अर्थाचे शब्द असतात. हे शब्द दिसले की संशोधक खुर्चीत सरसावून बसतो. पत्ता मिळाला की गावचं वर्तमानपत्र, शाळेची स्मरणपाटी, चर्चमधला फलक, असा प्रवास सुरू होतो. अर्थात ज्याच्यामागे काही मालमत्ता उरली त्याचीच नोंद. कारकून, आया, निर्वासित यांच्या बाबतीत ही सूचीही मुकी.

१ जून १९४३

या सगळ्याचा कस लागतो तो ‘आयबिस’च्या शेवटच्या उड्डाणात. त्या सकाळी ते लिस्बनहून व्हिटचर्चला निघालं. तेरा प्रवासी, चार डच कर्मचारी, कप्तान क्विरिनस टेपास. बिस्केवर आठ युंकर्स ८८ विमानांनी ते गाठलं. हल्ला होतोय, एवढा निरोप बिनतारीवर आला आणि आवाज बंद झाला. दुसऱ्या दिवशी ऑस्ट्रेलियन तुकडीचं एक संडरलँड विमान वाचलेल्यांच्या शोधात त्या भागात गेलं. त्यालाही आठ युंकर्सनी घेरलं, आणि एक माणूस गमावून ते कसंबसं कॉर्नवॉलच्या किनाऱ्याला लागलं. ‘आयबिस’चं काही मिळालं नाही.

प्रवाशांत ‘गॉन विथ द विंड’ मधला नट लेस्ली हॉवर्ड होता, आणि त्यामुळे या उड्डाणावर गोष्टींचं रान माजलं. हॉवर्डचा सोबती अंगाने भरलेला, सिगार ओढणारा. लांबून चर्चिलसारखा दिसणारा. चर्चिल त्या दिवसांत खरोखर उत्तर आफ्रिकेत होते आणि परतणार होते. जर्मन हेराने त्यालाच चर्चिल समजून कळवलं आणि विमान पाडलं गेलं, ही गोष्ट चर्चिलनी स्वतः आपल्या महायुद्धाच्या इतिहासात सांगितली. ब्रिटनचा पंतप्रधान दिवसाढवळ्या, संरक्षणाशिवाय, लिस्बनहून नागरी विमानाने घरी जाईल असं शत्रूला वाटावं याचं आश्चर्यही त्यांनी तिथेच नोंदवलं. हॉवर्ड हेर होता आणि त्यालाच मारायचं होतं, अशी दुसरी गोष्ट. क्वेलिन पाडलं तेव्हाही हीच अफवा होती: जपान्यांना चिनी नेते सुन यत-सेन यांचा मुलगा सुन फो हवा होता, तो दुसऱ्या विमानाने गेला. पाडलेल्या विमानातल्या माणसांपेक्षा त्यात नसलेल्या माणसाची चर्चा जास्त व्हावी, हा या विषयाचा जुनाच रोग आहे.

कागद काय सांगतात? हेच ‘आयबिस’ नोव्हेंबर १९४२ मध्ये आणि पुन्हा एप्रिल १९४३ मध्ये याच मार्गावर जर्मन लढाऊ विमानांच्या तावडीतून सुटलं होतं. तेव्हा त्यात ना हॉवर्ड होता, ना चर्चिलसारखा दिसणारा कुणी. हल्ला करणारी तुकडी बोर्डोजवळच्या तळावरची; जर्मन पाणबुड्यांमागे लागणाऱ्या दोस्त विमानांना बिस्केवर हुसकावणं हे तिचं रोजचं काम. ब्रिटिश पत्रकार इयन कॉल्व्हिन यांनी युद्धानंतर त्या जर्मन वैमानिकांना गाठलं आणि १९५७ मध्ये ‘फ्लाइट ७७७’ हे पुस्तक लिहिलं. नियमित नागरी सेवा त्या वाटेने जाते हे आपल्याला सांगितलेलंच नव्हतं, असं त्या वैमानिकांचं म्हणणं. जीव वाचवायला माणूस असं बोलतोच, हे मान्य. तरीही रोजच्या गस्तीत समोर आलेलं विमान पाडलं, हे स्पष्टीकरण मला चर्चिलच्या सिगारपेक्षा जास्त पटतं. त्यानंतर बीओएसीने ही उड्डाणं रात्री आणि आणखी पश्चिमेकडून न्यायला सुरुवात केली. हे पाऊल आधीच्या दोन हल्ल्यांनंतर का उचललं नाही, असा प्रश्न मृतांच्या नातेवाइकांनी विचारला असता तर उत्तर देणं जड गेलं असतं.

आता बाकीच्या बारांतले काही. टंगस्टनच्या खरेदीसाठी गेलेला खाण अभियंता. वाणिज्य वकिलातींचा तपासनीस. लिस्बनमधला तेल कंपनीचा व्यवस्थापक. रॉयटर्सचा वार्ताहर आणि त्याची पत्नी. दोन मुलींना घेऊन निघालेली आई. धाकटी दीड वर्षाची. आणि विल्फ्रिड इस्राएल, बर्लिनच्या एका मोठ्या दुकानाचा ज्यू वारस, ज्याने युद्धापूर्वी हजारो ज्यू मुलांना जर्मनीबाहेर काढण्याच्या कामात मोठा वाटा उचलला होता. पोर्तुगाल-स्पेनमध्ये अडकलेल्या निर्वासितांना पॅलेस्टाइनचे परवाने वाटून तो परतत होता. वर्षानुवर्षं त्याची ओळख ‘लेस्ली हॉवर्डच्या विमानातला एक प्रवासी’ एवढीच राहिली. त्याने जमवलेल्या आशियाई कलावस्तूंचं संग्रहालय इस्राएलमधल्या हाझोरेआ या किब्बुत्झमध्ये, म्हणजे सामूहिक वसाहतीत, आहे आणि त्याच्यावरची पुस्तकं आता स्वतंत्रपणे निघतात. एका नटाच्या सावलीतून हा माणूस बाहेर यायला कित्येक दशकं लागली.

यादी शेवटच्या क्षणापर्यंत बदलते, हेही इथेच दिसतं. हॉवर्ड आणि त्याच्या सोबत्यासाठी एका सात वर्षांच्या मुलाला आणि त्याच्या दाईला उतरवलं गेलं होतं. एक पाद्री विमानात बसून पुन्हा खाली आला. 

कालेवा

लिस्बनच्या विमानाभोवती गोष्टींचा गलबला, तर ‘कालेवा’भोवती शांतता. १४ जून १९४० च्या दुपारी फिनलंडच्या एरो कंपनीचं हे युंकर्स ५२ एस्टोनियाच्या तालिनहून हेलसिंकीला निघालं. तालिन-हेलसिंकी म्हणजे आखात ओलांडायचं, अर्ध्या तासाचं उड्डाण. दोन सोव्हिएत बॉम्बफेकी विमानांनी काही मिनिटांतच ते पाडलं. नऊ जण गेले: दोन कर्मचारी, आणि प्रवाशांत दोन जर्मन, फ्रेंच वकिलातीचे दोन कुरिअर, एक स्वीडिश, एक एस्टोनियन आणि हेन्री अँथील नावाचा सत्तावीस वर्षांचा अमेरिकी वकिलातीचा कारकून, थैले घेऊन निघालेला.

फिनलंड आणि सोव्हिएत संघ यांच्यात त्या वेळी तह होता. युद्ध चालू नव्हतं. तरी केरी बेटाजवळ मासे पकडणाऱ्या एस्टोनियन कोळ्यांनी पाहिलं की पडलेल्या विमानापाशी सोव्हिएत पाणबुडी वर आली. तिने पाण्यावर तरंगणारे टपालाचे थैले उचलले, कोळ्यांनी गोळा केलेलं सामानही काढून घेतलं. फिनलंडचा वैमानिक इल्मारी युटिलायनेन आकाशातून पाहणी करायला गेला, त्यालाही पाणबुडी दिसली. साक्षीदार होते, पुरावा होता. पण मार्चमध्येच संपलेलं युद्ध पुन्हा पेटू नये म्हणून फिनलंडच्या सरकारने जाहीर आरोप केला नाही. तीन दिवसांनी एस्टोनियाच सोव्हिएत फौजांच्या ताब्यात गेला. आणि ज्या दिवशी विमान पडलं, त्याच दिवशी जर्मन पॅरिसमध्ये शिरले होते. जगातल्या वर्तमानपत्रांत नऊ माणसांना जागा कुठली?

सोव्हिएत संघ मोडल्यावर तिथलं दफ्तर थोडं उघडलं आणि नौदलाचे अहवाल बाहेर आले. २००७ मध्ये अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यातल्या स्मरणफलकावर अँथीलचं नाव कोरलं गेलं, सदुसष्ट वर्षांनी. त्याचा मोठा भाऊ जॉर्ज हा संगीतकार. हेडी लमार या नटीबरोबर त्याने बिनतारी संदेशांचं जे पेटंट घेतलं ते तंत्रज्ञांच्या तोंडी असतं. धाकट्याला शोधायला निघालेले अनेक जण आधी मोठ्यापाशी पोहोचतात. विमानाचे अवशेष बरेच दिवस सापडत नव्हते. जून २०२४ मध्ये तालिनच्या एका पाणबुड्या कंपनीने केरीजवळ सुमारे ७० मीटर खोलीवर ते शोधले. जागा कोळ्यांच्या जुन्या जबान्यांशी जुळते. थैल्यांत काय होतं, हे मॉस्कोच्या दफ्तरात असेल तर असेल.

आपल्या बाजूचं आकाश

भारताशी या विषयाचं नातं सीएनएसीमुळे जुळतं. डिसेंबर १९४१ मध्ये हाँगकाँग पडल्यावर या कंपनीने आपला मुक्काम कलकत्त्याला हलवला. चीन सरकार आणि पॅन अमेरिकन यांची ही भागीदारी, म्हणजे कागदोपत्री नागरीच. आसाममधल्या दिनजानहून हिमालयाच्या पूर्व टोकावरून कुनमिंगला जाणारी ‘हंप’ची वाट नेमाने तुडवणाऱ्यांत तिची विमानं अगदी आधीची. जाताना दारूगोळा, इंधन, टपाल; येताना टंगस्टन आणि माणसं.

या वाटेवर पडलेली विमानं अरुणाचलच्या जंगलात अजून मिळतात. क्लेटन कुल्स हा अमेरिकी गिर्यारोहक स्थानिक शिकाऱ्यांच्या मदतीने कित्येक ठिकाणी पोहोचला आहे. २०२३ मध्ये पासीघाटला ‘हंप’चं संग्रहालय सुरू झालं, तिथे अशा अवशेषांचे तुकडे ठेवले आहेत. ओळख पटवायची रीत इथेही तीच: शेपटीवरचा आकडा, इंजिनाची धातूची पट्टी, तिच्यावरचा क्रमांक, आणि मग कंपनीची वही. अमेरिकी वैमानिकाचं नाव लगेच कळतं. त्याचा चिनी सहवैमानिक आणि बिनतारी अधिकारी मात्र कलकत्त्याच्या कागदांत एका स्पेलिंगने, हाँगकाँगच्या कागदांत दुसऱ्या आणि चिनी यादीत चित्रलिपीत असतात. आडनाव आधी की नंतर, यावरही लिहिणाऱ्यांत एकमत नाही. त्यामुळे एकाच माणसाच्या तीन नोंदी होतात, किंवा तीन माणसांची एकच. कँटनी आणि मँडरिन दोन्ही उच्चार जाणणारा कुणी शेजारी बसल्याशिवाय ही गाठ सुटत नाही, आणि या कामाला सध्या सर्वांत जास्त गरज अशाच माणसांची आहे.